टॉबीच्या नावाचा पूल

आमच्या केटल फोर्जमध्ये आमदाराच्या ऑफिसात जाणारा माणूस आमदाराला भेटायला जात नाही, वर्ना युरिकला भेटायला जातो. आमदार बदलतात. सव्वीस वर्षांत तीन झाले. पहिला म्हातारपणाने घरी बसला, दुसरा निवडणुकीत पडला, तिसरा कर्ट लिंडेमुथ सध्या आहे. वर्ना त्याच खुर्चीत आहे, घरून आणलेल्या उशीवर. टेबलाखाली लोकरीच्या सपाता, खिडकीत जिरेनियमची कुंडी, खणात पेपरमिंटच्या गोळ्या. रडत आलेल्या माणसाला गोळी दिली की तो आधी ती सोलत बसतो आणि तेवढ्यात सावरतो, असा तिचा अनुभव.

बऱ्याच जणांना वाटतं, कर्ट वॉशिंग्टनला बसतो. तो बसतो आपल्या राज्याच्या विधानसभेत, गाडीने दोन तासांवर. पण कुणाचा गाडी चालवायचा परवाना अडकला, कुणा म्हातारीच्या घरपट्टीची सूट आली नाही, कुणाच्या नवऱ्याचा सैन्यातून सुटल्याचा दाखला पुराच्या पाण्यात भिजून लगदा झाला, की सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं. “वर्ना, आता तूच बघ बाई.”

ती बघते. पिवळ्या कागदावर लिहून घेते, आणि समोरचा ज्या शब्दांत सांगतो त्याच शब्दांत लिहून घेते. सरकारी भाषा करत नाही. “लोक माझ्याकडे आले ते काही त्यांचं बोलणं दुरुस्त करून घ्यायला नाही,” असं म्हणते. ह्या सवयीचा तिला अभिमान होता.

दुसरं काम सैनिकांचं. खाणी बंद पडल्यापासून आमच्या डोंगरातल्या पोरांना दोनच वाटा राहिल्या, शहर नाहीतर सैन्य. परत आलेल्याला गौरवपत्र, नव्वदी गाठलेल्या जुन्या सैनिकाला गौरवपत्र, विधानसभेवर दिवसभर फडकवलेला झेंडा घडी घालून त्याच्या विधवेला. कागद निघण्याआधी वर्ना घरी फोन करून नावाचं एकेक अक्षर विचारून घेते. आणि जो परतच आला नाही, त्याला आमच्याकडे पूल देतात. गावं लहान, नवे रस्ते होत नाहीत, पण नद्या-ओढे उदंड. पुलाला नाव द्यायचं तर विधानसभेत कायदा करावा लागतो. पानभराचा असतो. त्याला कुणी विरोध करत नाही.

हेझल ड्रमहेलर पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा जिना चढून आली होती. तिचा टॉबी एकविसाव्या वर्षी इराकमध्ये रस्त्यातल्या सुरुंगाने गेला. तिला टॅमरॅक नदीवरचा स्टोकरचा पूल हवा होता, दुसरा कुठलाही नको. त्या पुलाच्या टोकाला तो शाळेच्या बसची वाट बघत उभा राहायचा आणि बस येईपर्यंत पाण्यात दगड टाकायचा. हेझलचं घर पुलापलीकडे, चढावरचं शेवटचं.

विधेयक एकदा अडकलं, एकदा वेळेत निघालं नाही, निवडणुका मध्ये आल्या. तोवर हेझलची फुप्फुसं गेली. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, नाकात नळी, हाताशी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर. डॉक्टरने तिला पानगळीपर्यंतचा काळ दिला होता. ह्या वर्षी कायदा झाला आणि मेच्या शेवटी, शहिदांच्या स्मृतिदिनाआधीचा शनिवार ठरला, तेव्हा तिने वर्नाला बजावलं, “पाटी मी डोळ्यांनी बघणार. आणि तिच्याखालून चालत पलीकडे जाणार. चाकाच्या खुर्चीत घालून मला ढकलत न्यायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

“कुणाची हिंमत आहे तुम्हाला ढकलायची?” वर्ना म्हणाली.

ह्याच पुलासाठी आणखी एक माणूस वर्नाकडे यायचा. विल्बर्ट क्रेसगी. रस्तेखात्याच्या टोळीतून निवृत्त झालेला, त्याआधी व्हिएतनाममध्ये सैन्यासाठी पूल बांधलेला. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पावाच्या रिकाम्या पिशवीत फोटो घालून तो यायचा. टोपी काढायचा नाही, बसायचा नाही.

“स्टोकरचा पूल,” तो म्हणायचा. “ट्रक गेला की पूर्वी एक आवाज यायचा. आता दोन येतात.”

“कसले दोन, मिस्टर क्रेसगी?”

“एक ट्रक चढताना. दुसरा तो उतरून गेल्यावर. उतरून गेल्यावर आवाज कशाला यायला हवा, तूच सांग.”

वर्नाने तसंच लिहिलं. स्टोकरचा पूल, टॅमरॅक नदी, गंजलाय, दोन आवाज येतात. रस्तेखात्याकडे पाठवलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की स्टोकरच्या पुलाची पाहणी झाली, स्थिती चांगली, काही करण्याची गरज नाही. वर्नाने ते वाचून दाखवलं. क्रेसगीने फोटो परत पिशवीत घातले आणि विचारलं, “कुठला पूल बघून आले ते?” तिला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय.

चौदा महिन्यांत सात पत्रं गेली, सात उत्तरं आली. कर्टला गंमत वाटायची. “पूलवाले आजोबा येऊन गेले का गं?” एकदा त्याने चांगुलपणाने क्रेसगीसाठी व्हिएतनामच्या सेवेचं गौरवपत्र करवून आणलं, निळ्या फोल्डरमध्ये, सोनेरी शिक्क्याचं. क्रेसगीने ते वाचलं, बंद केलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

“कागद नको. माणूस पाठवा. हातात हातोडी असलेला.”

फोल्डर अजून वर्नाच्या कपाटात आहे.

समारंभाच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी पाटी उभारण्याच्या परवानगीचा कागद आला. वर्नाने नेहमीप्रमाणे टॉबीचं नाव एकेक अक्षर तपासलं. मग तिची नजर खाली गेली. तिथे पुलाचं सरकारी वर्णन होतं. खालचा टॅमरॅक पूल, लोखंडी, बांधणी एकोणीसशे अकरा.

लोखंडी. तिने क्रेसगीची फाईल काढली. सातही उत्तरांत पहिल्या ओळीखाली बारीक अक्षरात वर्णन होतं, जे तिने एकदाही वाचलं नव्हतं. स्टोकरचा पूल, स्टोकर रोड, काँक्रीट, बांधणी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. स्टोकर कुटुंबाची गिरणी कधी काळी लोखंडी पुलापाशी होती, म्हणून गाव त्याला स्टोकरचा म्हणतं. गिरणी पुरात गेल्यावर ते लोक तीन मैल वर जाऊन राहिले आणि त्यांचं नाव तिथल्या रस्त्याला लागलं. सरकारी वहीत स्टोकरचा पूल म्हणजे तो वरचा, काँक्रीटचा. आमच्यापैकी त्याला कुणी कसलंच नाव देत नाही. गावाचा शब्द वर्नाने जसाच्या तसा लिहून पाठवला होता. माणसं आली होती, हातोडी घेऊन आली असतील, आणि चांगला पूल सात वेळा बघून गेली होती.

जिरेनियमला पाणी घालायला ती उठली आणि कुंडी भरून खाली सांडेपर्यंत घालत राहिली.

दुपारी ती क्रेसगीबरोबर नदीकाठी उतरली. गुडघाभर पाणी, वर पुलाची सावली. क्रेसगीने तिला स्क्रूड्रायव्हर दिला आणि एका तुळईकडे बोट केलं. लोखंडावर गंजाचे पापुद्रे सुटले होते, एकावर एक, भाजलेल्या पेस्ट्रीसारखे.

“टोच.”

“काय?”

“टोच गं. घाबरतेस काय?”

तिने टोचलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढायलाच जास्त जोर लागला.

तेवढ्यात वरून शाळेची बस आली. एक आवाज झाला, जड, सगळ्या लोखंडातून फिरत गेलेला. बस पलीकडे गेली, तिचा घरघराटही थांबला. वर्ना श्वास धरून उभी होती. मग दुसरा आवाज आला, खालच्या पट्टीतला, कुणी तरी झोपेत कूस बदलावी तसा. तिच्या केसांत तांबडा चुरा पडला.

“हे सांगत होतो,” क्रेसगी म्हणाला. “मी सांगितलं होतं” असं तो तेव्हाही म्हणाला नाही, नंतरही नाही.

शनिवारचा कार्यक्रम वर्नानेच आखला होता, म्हणून तो तिला पाठ होता. पुलाच्या मधोमध दोन बंब समोरासमोर उभे करायचे, शिड्या वर करून त्यांच्यामध्ये मोठा झेंडा टांगायचा. त्याखालून शाळेचं बँडपथक, मग जुने सैनिक मोटारसायकलींवर, साठ-सत्तर तरी. मग हेझल. मग सगळं गाव. एक बंब तिचा नवरा ग्लेन चालवणार होता. आमच्या गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे आणि ग्लेन त्यात एकतीस वर्षं आहे. त्या संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा त्याच्या हातांना पॉलिशचा वास होता.

“तुमच्या बंबाचं वजन किती रे?” वर्नाने बटाटे वाढता वाढता विचारलं.

“रिकामा सतरा टन. भरलेला वीस. का? तुला उचलून न्यायचाय?”

“शनिवारी पाणी काढून ठेवता नाही येणार?”

“आणि तेवढ्यात कुठे आग लागली तर? थुंकून विझवू?” तो हसला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. “काय झालंय?”

“काही नाही. मीठ दे.”

पुलावर वजनाची पाटी कधी काळी होती. शिकारीच्या दिवसांत तिच्यावर नेम धरून धरून आमच्या लोकांनी तिची चाळण केली आणि एका हिवाळ्यात ती गळून पडली. कुणी परत लावली नाही.

गुरुवारी सकाळी तिने कर्टला आत घेऊन दार लावलं. बाहेर लोकांसमोर ती त्याला ‘आमदारसाहेब’ म्हणते. आत तो कर्ट असतो, कारण चर्चच्या रविवारच्या वर्गात तिने त्याला शिकवलं आहे. तिने दोन्ही कागद पुढे ठेवले. त्याने दोनदा वाचले. माणूस वाईट नाही. त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला.

“अजून कुणाला सांगितलंस?”

“क्रेसगीला माहीत आहे.”

“त्याला सगळंच माहीत असतं.” तो खुर्चीत मागे रेलला. “वर्ना, परवा शनिवार आहे. मी हेझलसमोर गुडघ्यावर बसून शब्द दिलाय. तिच्याकडे दुसरा शनिवार आहे का? काय सांगू तिला, आमची फाईल चुकली?”

“माझी चुकली म्हणून सांग.”

“चूक कुणा एकाची नसते, ऑफिसची असते. आणि ऑफिसच्या दारावर नाव माझं आहे.” मग तो म्हणाला, “असं करू. बँडला सांगू, पावलं मिळवून चालू नका, त्याने पूल हलतो. मोटारसायकली दहा-दहा सोडू. सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी सकाळी आठला मी स्वतः रस्तेखात्याला फोन करतो.”

“मंगळवारपर्यंत उभा राहील तो?”

“शंभर वर्षं उभा आहे गं!”

“मी स्क्रूड्रायव्हर घातला त्यात, कर्ट.”

“तू पुलांची डॉक्टर आहेस का?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “ह्या ऑफिसातून शनिवारच्या आधी काही जाणार नाही. हे मी सांगतोय म्हणून ऐक.”

त्याचं म्हणणं तिला पटत चाललं होतं, हेच तिला भिववत होतं. दहा-दहा सोडल्या तर. बँड नुसताच चालला तर. शंभर वर्षं उभं राहिलेलं नेमकं शनिवारीच अकरा वाजता कशाला पडेल? गावातला कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता.

निदान हेझलला सांगू, म्हणून ती दुपारी निघाली. पुलावरून गाडी नेताना तिने काच खाली केली आणि वेग कमी केला, मग वाटलं की हळू जाणंच जास्त धोक्याचं, म्हणून वाढवला. उतरल्यावर ती थांबली नाही. दुसरा आवाज तिला ऐकायचा नव्हता.

हेझल स्वयंपाकघरात केसांना रोलर लावून बसली होती. खुर्चीच्या पाठीला निळा पोशाख टांगलेला. बोळात जमिनीवर खडूच्या रेघा होत्या.

“ये, ये. बघ माझी कवायत,” ती म्हणाली. “पूल चौसष्ट पावलांचा आहे. टॉबीने लहानपणी मोजला होता, त्याची एकशेदहा व्हायची. ह्या बोळात मी सकाळ-संध्याकाळ मोजते. काल बेचाळीसवर बसावं लागलं. आज पन्नास झाली.”

“पन्नास?”

“पन्नास! आणि तोंड का असं केलंयस? तुझा विश्वास नाही?” तिने नळी नाकात सारखी केली. “शनिवारी चौसष्ट होतील. त्या दिवशी माणसाला कुठून तरी बळ येतं. आणि एकसष्टवर पडले, तर तुझा तो आमदार धडधाकट आहे, तीन पावलांपुरता धरेल.”

वर्ना हसली. कॉफी प्यायली. केळ्याचा केक खाल्ला. सांगायची वाक्यं तिने गाडीत जुळवली होती, त्यातलं एकही बाहेर आलं नाही. निघताना हेझलने तिचा हात धरला.

“एकवीस वर्षं त्याला शाळेत, मैदानात, जेवायला हाका मारल्या. नंतर कुणी नाव घेत नाही बघ. मला वाईट वाटेल म्हणून घेत नाहीत. आता पुलामुळे घ्यावं लागेल.”

परत येताना वर्नाने पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली, जिथे टॉबी बसची वाट बघायचा. पलीकडून एक दुधाचा टँकर आला आणि जराही न थबकता तिच्या शेजारून निघून गेला. ड्रायव्हरने हात केला. तिनेही केला. मग तिने पर्समधून पिवळा कागद काढला. ऑफिसातून काही जाणार नव्हतं, पण ती ह्या मतदारसंघात राहतही होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने तक्रारदाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. पुलाचं नाव लिहिलं ते सरकारी वहीतलं, लोखंडी, एकोणीसशे अकरा. शुक्रवारी सकाळी सातला, स्वतःच्या स्वयंपाकघरातून, तिने रस्तेखात्याच्या तातडीच्या नंबरावर तो कागद वाचून दाखवला.

इंजिनिअर दुपारी एकला आला. नारिंगी जाकिटातला लठ्ठ माणूस, शीळ घालत काठावरून खाली उतरला. दहा मिनिटांनी वर आला तेव्हा शीळ बंद होती. वर्नाशी काही न बोलता त्याने आपला ट्रक सुरू केला, रस्त्यात आडवा लावला आणि किल्ली खिशात घातली.

“आज ह्यावरून कोण कोण गेलं?” त्याने विचारलं.

“सगळेच. शाळेची बस दोनदा.”

त्याने ते लिहून घेतलं. “उद्या इथे काही आहे म्हणतात?”

“होतं,” वर्ना म्हणाली.

हेझलला तिनेच फोन केला. सगळं सांगितलं, फाईलसकट. पलीकडे नळीतून हवा जाण्याचा आवाज तेवढा येत होता.

“तक्रार कुणी केली?”

“मी.”

फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

शनिवारी समारंभ झाला, पण पुलाच्या अलीकडे, लाल-पांढऱ्या अडथळ्यांसमोर. बंब रस्त्यावरच उभे राहिले. हेझलला पलीकडून आणायचं म्हणजे खाणीवरून बावीस मैलांचा वळसा, सगळी वळणं. तिला दोनदा गाडीत उलटी झाली. आली तेव्हा निळ्या पोशाखावर टॉवेल होता आणि ती चाकाच्या खुर्चीत होती. कर्ट चांगलं बोलला. पडदा ओढला, पाटी दिसली, बिगुल वाजला, लोकांनी डोळे पुसले. हेझल पाटीकडे बघत नव्हती. पाटीच्या मागे अडथळे, त्यांच्यामागे रिकामा पूल, आणि पलीकडच्या चढावर तिचं घर, तिकडे बघत होती.

वर्ना वाकून म्हणाली, “हेझल, मला...”

“बाजूला हो गं. दिसत नाही मला.”

त्या रात्री ग्लेन एवढंच म्हणाला, “बंब मी चालवणार होतो. नवऱ्याला तरी सांगायचंस.” आणि मग बरेच दिवस तो जेवताना वर्तमानपत्र वाचायला लागला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं.

पूल पडला असता का? ते आता कुणीच सांगणार नाही. रस्तेखात्याने ‘गंभीर’ एवढाच शब्द लिहिला. नवा पूल चार वर्षांनी होईल म्हणतात. पडला असता तर वर्नाचा सत्कार झाला असता. पडला नाही, तो तिथेच उभा आहे, रोज दिसतो, आणि रोज गावातल्या कुणाला तरी वाटतं की आणखी एक शनिवार त्याने सहज काढला असता. सकाळच्या नाश्त्याच्या हॉटेलात ती आली की कुणी तरी म्हणतं, “वर्ना, हा कप तपासून घे हं. तडा असला तर हॉटेल बंद कर.” सगळे हसतात. तीही हसते. क्रेसगी आता कुठल्याच मंगळवारी येत नाही. त्याच्या गाडीचं टायर दोनदा कुणी तरी फाडलं. कर्टने वर्नाला काढलं नाही. पण गौरवपत्रं आता राजधानीतूनच परस्पर जातात.

आणि नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलं, अगदी कायद्यात लिहिल्यासारखं. रोज सकाळी स्थानिक रेडिओवर आधी हवामान आणि मग कॉर्पोरल टॉबी ड्रमहेलर पूल बंद. दुधाचा टँकरवाला म्हणतो, “ह्या टॉबीने माझा रोजचा तास खाल्ला.” शाळेला उशीर झालेली पोरं म्हणतात, “टॉबीमुळे.” ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नाही, ती माणसं वळणावळणावर त्याला शिव्या घालतात.

हेझलला घर सोडून अलीकडे भाचीकडे राहायला ये म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ती आली नाही. ऑगस्टच्या एका सकाळी दहाच्या सुमारास तिचा ऑफिसात फोन आला. मे महिन्यानंतरचा पहिला.

“वर्ना? मी बोलतेय.”

“हेझल! कशा आहात?”

“रेडिओ लावलाय. आत्ताच घेतलं त्याचं नाव.” प्रत्येक दोन शब्दांनंतर ती थांबत होती. “हे पाडणार कधी म्हणतात त्याला? पाडणार म्हणजे... पाटी कुठे नेणार?”

“पाटी मी नेऊ देणार नाही कुठे. तुम्ही बसल्या आहात का? आवाज असा का येतोय?”

“सिलिंडर बदलला सकाळी. ह्यातून हवा नीट येत नाहीये. का मलाच...” फोन कशावर तरी आपटला, मग परत आवाज आला. “खिडकीतून दिसतो गं. रिकामा असला की लांब दिसतो.”

वर्नाने दुसऱ्या हाताने दुसरा फोन उचलला होता. रुग्णवाहिका. ड्रमहेलर. हो, पलीकडचं शेवटचं घर. हो, वळशानेच. मे महिन्यापर्यंत तिथे पोचायला नऊ मिनिटं लागायची. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून चौदा मिनिटं.

“हेझल, माझ्याशी बोलत राहा. काही पण बोला.”

“तूच बोल,” हेझल म्हणाली. “तुला येतं.”

वर्ना बोलू लागली. ग्लेनच्या टोमॅटोंबद्दल, कर्टच्या नव्या चष्म्याबद्दल, मागच्या आठवड्यातल्या गारांबद्दल. बोलताना तिची नजर समोरच्या नकाशावर होती. आता गाडी बाहेर पडली असेल. आता पेट्रोलपंप. आता कुरण, मग चढ. पलीकडून अधूनमधून ‘हं’ येत होतं. दोन ‘हं’ यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं.

“आणि टॉबी?” वर्नाने विचारलं. “तो दगड टाकायचा ना पाण्यात? कसले दगड? सांगा ना.”

पलीकडे रेडिओ चालू होता. कुणी तरी गाड्यांच्या सेलबद्दल उत्साहाने बोलत होतं.

“हेझल?”

“चपटे,” बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. रुग्णवाहिका अजून खाणीच्या अलीकडे असणार, पहिल्या वळणावर.